जुन्या मदरबोर्डवर कोणतं ग्राफिक्स कार्ड: वॅट किती आणि वाट कोणती

घरात दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी आहे, मदरबोर्ड एच६१ किंवा त्याहून जुना जी४१, आणि मुलांना आता त्यावर गेम खेळायचे आहेत. नवीन कार्ड परवडत नाही म्हणून जुन्या बाजारात विचारलं, की तीन-चार नावं हमखास पुढे येतात: आरएक्स ४८०, आरएक्स ५८०, जीटीएक्स १०६० आणि जीटीएक्स १०५० टीआय. त्यातल्या ४८० बद्दल लगेच कोणीतरी सांगतं, "ते घेऊ नका, मदरबोर्ड जाळतं."

ही भीती हवेतून आलेली नाही, तिच्यामागे खरी घटना आहे. पण तिच्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात, की कमी वॅटचं कार्ड म्हणजे बोर्डाला सुरक्षित आणि जास्त वॅटचं म्हणजे धोक्याचं, तो चुकीचा आहे. कार्ड एकूण किती वीज घेतं यापेक्षा ती कोणत्या वाटेने घेतं, याला बोर्डाच्या दृष्टीने जास्त महत्त्व आहे.

४८० चं नेमकं काय झालं होतं

एएमडीने आरएक्स ४८० बाजारात आणलं २९ जून २०१६ ला. ४ जीबीच्या कार्डाची अमेरिकेतली किंमत १९९ डॉलर आणि कार्डाची वीज १५० वॅट सांगितली होती. एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) केबल जोडायला एकच ६ पिनचा कनेक्टर. हिशेब कागदावर जुळत होता: स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या जागेतून) ७५ वॅट, ६ पिनमधून ७५ वॅट, बेरीज १५०. राखीव काहीच नाही. दोन-तीन दिवसांतच टॉम्स हार्डवेअर आणि पीसी पर्स्पेक्टिव्ह या संकेतस्थळांच्या मोजमापांतून दिसलं, की जड गेम चालू असताना हे कार्ड स्लॉटमधून सातत्याने ७५ वॅटच्या वर खेचतं आहे, साधारण ८० च्या घरात. ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलं, की आणखी वर.

पाच-दहा वॅट जास्त म्हणजे फार वाटत नाही. पण स्लॉटचे ते ७५ वॅट सगळे एका वाटेने येत नाहीत. ३.३ व्होल्टच्या पिनांवर ३ अँपिअर, म्हणजे सुमारे १० वॅट. उरलेल्यासाठी १२ व्होल्टच्या पाच पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.१ अँपिअर. पाचांचे मिळून ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी भूक या १२ व्होल्टवरच भागवतं. म्हणून ८४ वॅट १२ व्होल्टवरून घेतले, तर करंट ७ अँपिअर होतो. मर्यादा ७५ ची धरली तर हे थोडंसं ओलांडणं दिसतं, खऱ्या ६६ च्या मर्यादेपुढे ते पाव पटीहून जास्त आहे. आणि पिनेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ५.५ चे ७ झाले की उष्णता १.६ पट होते. पिन स्वच्छ आणि घट्ट बसलेली असेल तर एवढं निभावतं. दहा वर्षांची धूळ, आपल्या कोकणपट्टीतली दमट हवा आणि सैल पडलेली पिन असेल तर रोधच वाढलेला असतो, आणि तिथे हा आकडा मनावर घ्यायला हवा.

स्लॉटच्या मागची वाट तर आणखी अरुंद आहे. एसएमपीएसकडून बोर्डाला जाणाऱ्या २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा फक्त दोन असतात. स्लॉटचा १२ व्होल्टचा करंट तिथूनच येतो, आणि बोर्डावर लावलेल्या पंख्यांचाही.

एएमडीने आठवड्याभरात दुरुस्ती आणली. कार्डाच्या पॉवर सर्किटचे सहा फेज, म्हणजे वीज वाटून घेणारे भाग, होते: तीन स्लॉटवर, तीन ६ पिनवर. जुलै २०१६ मध्ये आलेल्या क्रिमसन १६.७.१ ड्रायव्हरने हा तराजू ६ पिनच्या बाजूला झुकवला. शिवाय एकूण वीजच कमी करणारी 'कम्पॅटिबिलिटी' नावाची वेगळी खूण सेटिंगमध्ये दिली, पण ती मुळात बंद ठेवलेली होती. कंपनीचं म्हणणं होतं, की नेहमीच्या वापरात बोर्डाला धोका नाही. चांगल्या, नव्या बोर्डापुरतं मला ते पटतं. मात्र या दुरुस्तीनंतर ६ पिनवर ७५ पेक्षा जास्त भार येतो, त्याचं काय? तिथे काळजी कमी आहे. ८ पिनच्या केबलमध्येही १२ व्होल्टच्या तारा तीनच असतात आणि तिला १५० वॅट मान्य आहेत. ६ पिनची मर्यादा मुळातच फार राखून ठरवलेली आहे. चांगल्या एसएमपीएसची ६ पिनची केबल हा जादा भार सहज पेलते.

दोन ४८०, दोन वेगळी कार्डं

जुन्या बाजारात 'आरएक्स ४८०' एवढंच ऐकून व्यवहार करू नका. एका काळ्या पंख्याचं, मागून हवा फेकणारं, ६ पिनचं कार्ड म्हणजे मूळ डिझाइन. सफायर नायट्रो प्लस, एमएसआय गेमिंग एक्स, पॉवरकलर रेड डेव्हिल, एक्सएफएक्स जीटीआर, आसुस स्ट्रिक्स ही नंतर आली आणि त्यांना ८ पिनचा कनेक्टर आहे. नाव तेच, चिप तीच, बोर्डावरचा भार मात्र वेगळा, कारण ८ पिन मिळाल्यावर या कंपन्यांनी बहुतेक वीज केबलवरून घेतली. ही कार्डं एकूण वीज मूळ ४८० पेक्षा जास्तच खातात, तरी जुन्या मदरबोर्डाला तीच सोयीची. किमतीत थोडा फरक असला तरी मी डोळे झाकून ८ पिनचं घेईन.

याच न्यायाने आरएक्स ५८० कडे पाहा. एप्रिल २०१७ मध्ये आलेलं हे कार्ड १८५ वॅटचं. आकडा पाहून लोक दचकतात. पण ते ८ पिनवर चालतं, आणि १५० वॅटच्या मूळ ४८० पेक्षा तुमच्या स्लॉटला कमी त्रास देतं. त्रास होतो तो एसएमपीएसला आणि कॅबिनेटच्या हवेला. दोन्ही बदलता येतात. जी४१ चा चांगला बोर्ड आता शोधूनही मिळत नाही.

मग १०६० का नाही?

जुलै २०१६ मध्येच आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे १२० वॅटचं, तेही ६ पिनवर. म्हणजे १५० वॅटच्या वाटेवर ३० वॅटची मोकळीक. मूळ ४८० ला नेमकी हीच मिळाली नव्हती. नुसता बोर्डाचा विचार केला तर ६ पिनच्या कार्डांत १०६० सरस आहे, यात मला शंका नाही. एसएमपीएस जेमतेम असेल तरी तेच घ्या. खेळाच्या वेगात दोघं जवळपास बरोबरीची. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ या नव्या ग्राफिक्स प्रणालींवरच्या गेममध्ये ४८० पुढे जातं आणि त्याच्या ८ जीबीच्या मॉडेलची जादा मेमरी आज उपयोगी पडते. १०६० घ्यायचं तर ६ जीबीचंच. ३ जीबीच्या कार्डात नुसती मेमरीच कमी नाही, तर गणन करणारे कोअरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२.

ड्रायव्हरच्या बाबतीत आता कोणालाच फार पुढचं आयुष्य उरलेलं नाही. एएमडीने या पिढीला २०२३ मध्ये क्वचितच अपडेट मिळणाऱ्या वेगळ्या शाखेत टाकलं आणि एनव्हिडियाने आपल्या १०६० च्या पिढीसाठी ५८० क्रमांकाची ड्रायव्हर शाखा (आरएक्स ५८० शी तिचा संबंध नाही) शेवटची ठरवली.

'बिनकनेक्टरचं घ्या, सुरक्षित' हा सल्ला

जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटचं आहे आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. म्हणून दुकानदार जुन्या पीसीला तेच सुचवतो. एसएमपीएसच्या दृष्टीने सल्ला योग्यच आहे. बोर्डाच्या दृष्टीने मात्र नीट समजून घ्या: हे कार्ड आपली सगळी वीज स्लॉटमधूनच घेतं. मर्यादेत राहून घेतं, पण ८ पिनचं ५८० स्लॉटमधून घेतं त्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच. धडधाकट एच६१ ला याने काही होत नाही. कॅपॅसिटर फुगलेल्या बोर्डाला 'हलकं कार्ड' म्हणून हेच लावणं म्हणजे दुखऱ्या खांद्यावरच पिशवी अडकवणं. तिथे ६० वॅटचं जीटीएक्स ७५० टीआय बरं, किंवा कार्डाचा नाद सोडून आधी बोर्डाचा विचार करावा.

ऑफिसांतून निघालेले छोटे ब्रँडेड पीसी घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करावी: त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून स्लॉटची मर्यादा पाहावी. काही छोट्या डब्यांत ती ७५ नसून २५ किंवा ३५ वॅट लिहिलेली असते. तिथे १०५० टीआयसुद्धा जास्त होतं.

आणखी एक गैरसमज सारखा कानावर येतो, की पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाच्या स्लॉटचं मानक) २.० किंवा ३.० चा स्लॉट १.० पेक्षा जास्त वीज देतो. नाही. ग्राफिक्सच्या लांब स्लॉटची मर्यादा पहिल्या आवृत्तीपासून ७५ वॅटच आहे. आवृत्तीने डेटाचा वेग वाढला. त्यामुळे जुना स्लॉट केवळ जुन्या आवृत्तीचा म्हणून कमजोर ठरत नाही. त्याला कमजोर करतं वय, धूळ आणि मागची तार.

खरं जळतं कुठे

मी स्वतः करपलेला २४ पिनचा कनेक्टर पाहिला आहे, एका ओळखीच्या स्टुडिओतल्या मशीनमध्ये. रेंडरिंगसाठी दोन कार्डं लावली होती आणि दोन्हींच्या स्लॉटचा करंट त्याच दोन पिवळ्या तारांतून जात होता. स्लॉट शाबूत होते, कनेक्टरचं प्लास्टिक त्या दोन पिनांभोवती तपकिरी झालं होतं. दोन मूळ ४८० एका बोर्डावर लावायची कल्पना कोणी मांडली, तर मी हात धरून थांबवेन. ७ आणि ७ मिळून १४ अँपिअर होतात. अशा कामासाठीच्या चांगल्या बोर्डांवर स्लॉटला वेगळी वीज देणारा जादा कनेक्टर असतो, तो उगाच नसतो.

आपल्याकडे याहून जास्त दिसणारा प्रकार म्हणजे जुना २० पिनचा एसएमपीएस २४ पिनच्या बोर्डावर चार पिना रिकाम्या सोडून लावलेला. पीसी चालतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण २० पिनमध्ये १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते. अशा जोडणीवर स्लॉटमधून जड भार घेणारं कोणतंही कार्ड लावू नका, मग ते ४८० असो की १०५० टीआय. आधी एसएमपीएस बदला. आणि बदलताना असा घ्या, की ज्याला स्वतःची ६+२ पिनची केबल आहे. साटाच्या कनेक्टरवरून ६ पिन बनवणारे कन्व्हर्टर मिळतात, ते टाळाच. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअरच्या आहेत, म्हणजे ५४ वॅट.

मूळ ४८० आधीच घरात आलं असेल तर ते फेकायची गरज नाही. १६.७.१ नंतरचा कुठलाही ड्रायव्हर टाका, वॅटमॅनमधली (एएमडीच्या ड्रायव्हरमधल्या सेटिंगची) पॉवर लिमिट वाढवू नका, आणि व्होल्टेज थोडं खाली आणा. १.१५ व्होल्टवरून १.०५ वर कार्ड स्थिर चाललं, तर वीज व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्यामुळे चिपची भूक सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी होते. बरीच कार्डं एवढं सहन करतात, वेग जवळजवळ तोच राहतो आणि पंख्याचा आवाजही उतरतो.

कार्ड घ्यायला जाताना शक्य असेल तर आपलाच पीसी सोबत न्या. जुन्या बायॉसवर (मदरबोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) काही कार्डांचा डिस्प्ले उठतच नाही, ते पैसे देण्याआधी कळतं. आणि निघण्यापूर्वी घरी वीज बंद करून २४ पिनचा कनेक्टर काढून पाहा, कनेक्टर अडकवणाऱ्या पकडीच्या विरुद्ध बाजूच्या रांगेत त्या पिवळ्या तारा शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या पिना चकचकीत असतील आणि प्लास्टिकचा रंग बदललेला नसेल, तर ८ पिनचं ४८० किंवा ५८० खुशाल आणा, एसएमपीएस लहान असेल तर १०६०. पिवळसर-तपकिरी कडा दिसली, तर तो कनेक्टर तसाच परत लावून कार्ड आणायला जाऊ नका.