ईएमडीआर की सोमॅटिक? कॉम्प्लेक्स ट्रॉमासाठी (वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बसलेल्या मानसिक आघातासाठी) काय बरं

ईएमडीआर ही ट्रॉमावरची थेरपी, फ्रान्सीन शपिरो बाईंनी १९८७ ला सुरू केली, थेरपिस्ट बोटं डावी-उजवीकडे हलवते आणि आपण आठवण मनात धरून नजर फिरवायची, एखादाच अपघात वगैरे असेल तर भारीच. पीटर लेव्हिनचं सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग उलटं, आठवण राहू दे बाजूला, आधी अंगात काय होतंय ते बघा, घसा आवळतोय का, तळपाय जमिनीला टेकलेत का, तेही थोडं थोडंच. पुरावा ईएमडीआरचा जास्त, डब्ल्यूएचओने २०१३ ला पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) सुचवलंय. पण लहानपणापासून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्याला (घरच्यांकडूनच, हो) पहिल्याच सेशनला सगळं उकरायला लावणं नकोच, ईएमडीआरच्या आठ टप्प्यांतला दुसरा तयारीचाच असतो, तो नीट करणारा थेरपिस्ट मिळाला तर मी ईएमडीआरच घेईन.