नुसतं वजन न सांगता रेषा दाखवणारा दवाखाना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या बालरोगतज्ज्ञांची शिफारस मी करते ती वाढीच्या तक्त्यासाठी. सिस्टर आधी डायपरसकट सगळे कपडे काढायला लावतात, काटा शून्यावर आणतात, मगच बाळ ठेवतात. लांबीसाठी फळी आहे. एकजण डोकं टेकवून धरते, दुसरी गुडघे सरळ करते. डोक्याचा घेरही दर वेळी घेतात.

सहा महिन्यांची झाली तेव्हा लेक ६.४ किलो भरली आणि सासूबाईंचा जीव खालीवर झाला. डॉक्टर गुजराती, पण त्यांना शेजारी बसवून मराठीत म्हणाले, "बा, ही पंधरावी पर्सेंटाइल. हिच्या वयाच्या शंभर निरोगी मुलींत पंधराएक हिच्यापेक्षा हलक्या असतात. जन्मापासून ही याच रेषेने चाललीय. दोन रेषा ओलांडून खाली आली तर तपासू." किती बरं वाटलं!

तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. परदेशी म्हणून नाक मुरडू नका. ज्या सहा देशांतल्या बाळांवरून तो बनला, त्यांत दक्षिण दिल्लीचीही आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पाच वर्षांपर्यंत हाच वापरायला सांगते. पुढे १८ पर्यंत तिचे स्वतःचे २०१५ चे तक्ते आहेत.

संध्याकाळी गर्दी फार, बाळं रडून हैराण होतात. सकाळीच जा. ममता कार्ड (गुजरातेत आई-बाळाच्या तपासण्या, लसी नोंदवायला मिळणारं सरकारी कार्ड) सोबत न्या, सिस्टर त्यातही ठिपका मांडून देतात.