मुरूम-खडीच्या खाणीची जमीन: गाळ भरावा की पाणी साठवावे?

माण-खटावच्या माळावर मुरूम आणि खडी काढून झालेल्या खाणीत गाळ भरून शेत करावे की तिचे तळे करावे, याचे उत्तर खाणीच्या तळाशी आहे.

गाळ भरायचा असेल, तर डंपरच्या चाकांखाली घट्ट दबलेला तळ आधी खोल नांगरून फोडावा लागतो; तसे न केल्यास पावसाचे पाणी गाळाखाली साचून मुळे कुजतात. तलावाचा नुसता काळा गाळ वाळला की हाताचे बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे, पहिल्या पावसाळ्यात ताग किंवा धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावे. गाळ 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून मिळू शकतो. वाहतूक मात्र महाग पडते.

तळ्याला खर्च कमी. तळाला अखंड काळा पाषाण असेल तरच पाणी टिकते, मुरमात ते झिरपते. तेही वाया जात नाही, खालच्या विहिरींना मिळते. उभे कडे उतरते करून कुंपण घालणे मात्र टाळूच नये, कारण गुरे आणि पोरे तिथे हमखास जातात.

उथळ खाण असेल, तर माझा कौल निःसंशय गाळालाच आहे.