कॅप्टन टॉलीज क्रीपिंग क्रॅक क्युअर: केसाएवढ्या फटींपुरते उत्तम

आमच्या फायबरग्लासच्या 'एंटरप्राइज' होडीच्या (जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही सव्वातेरा फुटी होडी भारतातल्या सेलिंग क्लबांना चांगलीच परिचित आहे) बाजूच्या हवाबंद टाकीत प्रत्येक फेरीनंतर तांब्याभर पाणी साठू लागले, तेव्हा पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असतानाच कॅप्टन टॉलीज क्रीपिंग क्रॅक क्युअर हे ब्रिटिश सीलंट (फटी बुजवणारे द्रव्य) वापरून पाहायचे ठरवले. बाटलीत दुधासारखा पांढरा, पाण्याइतका पातळ अ‍ॅक्रिलिक द्रव असतो. तो फटीच्या तोंडाशी थेंबथेंब सोडला की केशाकर्षणाने आपणहून आत ओढला जातो आणि वाळल्यावर पारदर्शक व लवचीक होतो.

मात्र हे औषध लावण्यापेक्षा दुखणे शोधण्यातच अधिक वेळ जातो. टाकीच्या झाकणातून तोंडाने हलकेच हवा फुंकावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. जिथे बारीक बुडबुडे एकामागून एक उमटू लागतात, तिथेच फट असते. यासाठी टायरचा पंप मुळीच वापरू नये, कारण जादा दाबाने टाकीचे चांगले सांधेही उकलू शकतात. आमचे बुडबुडे डेक (होडीचा वरचा भाग) आणि खालचे कवच यांच्या सांध्यावर, आतल्या आसनाखाली निघाले, म्हणजे ज्या बेलरवर (होडीत शिरलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या बुडातल्या झडपेवर) सगळ्यांचा संशय होता तो निर्दोष ठरला.

फट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी लागते, कारण खारे पाणी आटल्यावर उरलेले मिठाचे कण द्रवाची वाट अडवतात. जुने सिलिकॉनही खरवडून काढावे. त्यावर पाण्याचा अंश असलेले काहीच धरत नाही. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने, द्रव आत मुरायचा थांबेपर्यंत, पुन्हापुन्हा थेंब सोडावेत. पहिल्या हाताला फट सगळे गिळून टाकते आणि काहीच झाले नाही असे वाटते, पण हीच चिकाटीची जागा आहे. हात पाण्याने धुता येतात, वासाचा त्रास नाही, आणि पातळ कडेवर सीलंटचे बेढब लोळेही राहत नाहीत.

मर्यादा स्पष्ट आहेत. साधारण एक मिलिमीटरहून रुंद भेग याने भरत नाही, आणि सेंटरबोर्डच्या (होडीखाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा बुडातला सांधा किंवा बेलरची कड अशा सतत पाण्याखाली राहणाऱ्या जागी मी ते वापरणार नाही. तिथे भाग उघडून 'सिकाफ्लेक्स २९१'सारख्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये पुन्हा बसवावा. ते हवेतल्या दमटपणावरच घट्ट होते, त्यामुळे कोकणपट्टीची हवा त्याला मानवते. हलणाऱ्या किंवा सैल झालेल्या स्क्रूभोवती मात्र दोन्हींपैकी काहीही ओतण्याआधी स्क्रूच नीट बसवावा.

दुरुस्तीनंतर टाकीतून आता स्पंजने टिपण्याइतकाच ओलावा निघतो. डेकच्या सांध्यांसाठी आणि खिडक्यांच्या चौकटींसाठी ही बाटली जरूर घ्यावी, आणि तिचे टोक दरवेळी पुसून ठेवावे.