बूट बार्न: कर्ज नाही, पण मालाकडे बघा

काउबॉय बूट, रुंद काठाच्या हॅट, जाड डेनिम आणि कामगारांचे पोलादी टोकाचे बूट विकणारी ही अमेरिकेतली दुकानांची साखळी. 1978 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. म्हापशातल्या कपड्या-चपलांच्या दुकानांचे हिशेब मी लिहिते. त्यातल्या एका शेटना या कंपनीचा शेअर घ्यायचा होता, म्हणून मार्च 2025 अखेरचा तिचा वार्षिक अहवाल मी नीट वाचून काढला.

विक्री 191 कोटी डॉलर, आधीच्या वर्षापेक्षा साडेचौदा टक्क्यांनी जास्त. निव्वळ नफा 18 कोटींच्या वर. हे आकडे सगळेच सांगतात. मी मात्र कुठल्याही दुकानाच्या वहीत आधी क्लोजिंग स्टॉक, म्हणजे वर्षाअखेर न विकता उरलेला माल, बघते, कारण चवथीसाठी भरलेला माल दिवाळीनंतरही रॅकवर राहिला की दुकानदाराचा श्वास तिथेच अडकतो. कातड्याचा माल तर आमच्याकडे एका पावसाळ्यात बुरशीने पांढरा पडतो, मग तो वहीत खरेदीभावाने दाखवण्यात अर्थच उरत नाही.

बूट बार्नचा साठा 60 कोटींवरून जवळपास 75 कोटी डॉलरवर गेला. म्हणजे विक्री साडेचौदा टक्के वाढली आणि माल पंचवीस टक्के. इथे मी थांबले. पण त्याच वर्षात दुकाने 400 ची 459 झाली, आणि जुन्या दुकानांतला सरासरी माल सात टक्क्यांहून कमी वाढला. दोन्ही जोडले की बहुतेक वाढीचा मेळ लागतो. तरी विक्रीचा वेग बघता सरासरी माल साडेसहा-सात महिने दुकानात बसतो. फॅशनचे टॉप विकणाऱ्याला हे मी कधीच चालू दिले नसते. बूट आणि जीन्स मात्र वर्षानुवर्षे त्याच घडणीचे विकले जातात, सेल लावून काढावे लागत नाहीत. म्हणून इथे हा आकडा मला खपतो.

कर्जाची बाजू उत्तम. हातात सुमारे 7 कोटी डॉलर रोख, आणि बँकेने मंजूर केलेल्या 25 कोटींच्या मर्यादेतून वर्षाअखेर एक पैसाही उचललेला नाही. फक्त ‘कर्जमुक्त’ शब्दावर भाळू नका. दुकाने भाड्याची आहेत. पुढच्या अनेक वर्षांच्या भाड्याची देणी 2019 पासूनच्या नियमानुसार ताळेबंदात लीजच्या नावाने दिसतात. विक्री घसरली म्हणून घरमालक थांबत नाही.

घसरण होऊ शकते हे आदल्याच वर्षी दिसले. जुन्या दुकानांची विक्री सहा टक्क्यांनी उतरली होती, नव्या दुकानांमुळे एकूण आकडा जेमतेम सावरला. 2025 च्या वर्षात तीच विक्री साडेपाच टक्के वर आली. नव्या दुकानांनी फुगलेली बेरीज सोडून हा एक आकडा धरावा, असे मी शेटनाही सांगितले.

मला खटकलेली गोष्ट वेगळीच. मार्च 2022 च्या वर्षात विक्री 149 कोटी असताना नफा 19 कोटी होता. मार्च 2025 च्या वर्षात विक्री 42 कोटींनी जास्त आणि नफा मात्र तेव्हापेक्षा कमी. शंभर डॉलरच्या विक्रीमागे 2022 मध्ये तेरा उरले, 2025 मध्ये साडेनऊ. विक्रीतला स्वतःच्या ब्रँडचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास नेला आहे, त्यात मार्जिन चांगले सुटते. पण बराच माल बाहेरच्या देशांतून येतो आणि आयातशुल्क वाढले की तो फायदा खाल्ला जातो.

प्रकृती ठणठणीत आहे, असे माझे मत. लाभांश मिळत नाही, त्यामुळे दरवर्षी हातात काही हवे असणाऱ्याने यात पडू नये. शेअरचा भाव परवडतो का, हा हिशेब वेगळा. शेटनी तो करेपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.