टीपुट कॉल्स: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः '८०' या आकड्याबद्दल

टर्मिनलची (कमांड लिहायच्या खिडकीची) रुंदी किती अक्षरांची, हे 'टीपुट कॉल्स' या कमांडला विचारायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. माझ्या लॉग दाखवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्याचं कित्येक महिने बरं चाललं होतं. मग एका जुन्या सर्व्हरवर भल्या रुंद खिडकीतही तक्ते डावीकडे अंग चोरून छापले जाऊ लागले. रुंदी विचारली तर ८०. खिडकी ताणा, आवळा, ८०च.

कारण कळल्यावर जास्तच चिडलो. उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायचं म्हणजे टीपुटचं आउटपुट पडद्याऐवजी पाइपमध्ये (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेत) जातं, मग तो टर्मिनल शोधायला स्टँडर्ड एररकडे, म्हणजे चुकांचे संदेश जातात त्या वाटेकडे, बघतो. कुणीतरी टापटीप म्हणून एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे सगळं गिळणाऱ्या फाइलमध्ये, वळवलेली. दोन्ही वाटा बंद झाल्यावर हा गडी टर्मइन्फोच्या (टर्मिनलांच्या माहितीसाठ्याच्या) नोंदीतलं ८० उचलून देतो. ८० बाय २४ हे १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलचं माप! आणि एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की नाही ते सांगणारा आकडा? शून्य. म्हणजे सगळं ठीक. अरे, माहीत नाही तर तसं सांग ना! क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत) टर्मिनलचा प्रकार सांगणारं टर्म व्हेरिएबल नसलं की हाच टीपुट सरळ एरर देतो, ते मला शंभरदा चालेल.

एका आकड्यासाठी अख्खा पायथन सुरू करणं माझ्या जिवावर येतं. शिवाय पायथनच्या शटिल लायब्ररीतलं रुंदीचं फंक्शनही काही सापडलं नाही की ८० बाय २४ वरच येतं.

सध्या 'एसटीटीवाय साइझ' ही दुसरी कमांड वापरतोय, इनपुट डेव्ह-टीटीवायकडून, म्हणजे थेट चालू टर्मिनलकडून. स्क्रिप्ट पाइपमध्ये असली तरी चालतं. फाइल देण्यासाठी ग्नूमध्ये (लिनक्सवरच्या आवृत्तीत) मोठा एफ आणि मॅक-बीएसडीवर छोटा एफ, ही कटकट इनपुट वळवल्याने टळते. आधी ओळी मग कॉलम येतात, एवढं लक्षात ठेवा. सिरियल कन्सोलवर (केबलने जोडलेल्या टर्मिनलवर) बहुधा ० ० मिळतं, पण ते निदान खरं बोलतं.

ता. क. वरचं लिहून झाल्यावर तीच जुनी ओळ नव्या मशीनवर चालवली, तर उत्तर बरोबर! नव्या एनकर्सेसमधला (टीपुट ज्या लायब्ररीसोबत येतो तिच्यातला) टीपुट गरज पडली तर स्वतःच डेव्ह-टीटीवाय उघडतो. म्हणून माझ्या हिशेबात टीपुटला एक तारा वाढवला. दुसरा वाढवणार नाही, कारण कुणी बॅशआरसीत (बॅश या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये) कॉलम्स व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून ठेवलं असेल तर तो अजूनही खिडकीपेक्षा त्यावरच विश्वास ठेवतो.

फक्त बॅशच असेल तर आवृत्ती ५.० पासून चेकविनसाइझ, म्हणजे खिडकीचं माप तपासायची सोय, मुळातच चालू असते. एखादी बाहेरची कमांड चालून गेली की कॉलम्समध्ये आकडा आयता मिळतो, वेगळी प्रोसेस नको. फुकटची सोय, आवडली. पण डॅश या साध्या शेलमध्ये ती नाही, म्हणून माझ्या उपयोगाची नाही.

आकडा रिकामा किंवा शून्य आला तर माझी स्क्रिप्ट आता तक्ता आखतच नाही, एका ओळीत एक नोंद छापते. 'अशा वेळी ८० धरू या' असं एका सहकाऱ्याने सुचवलंय. तो बदल मी अजून घेतलेला नाही.