साठवणीचा लसूण: गावरान जुडी घ्यावी की मोठ्या पाकळीचा सुटा?

फाल्गुन-चैत्रात नाशिकच्या बाजारात नवा लसूण येऊ लागला की घरात चर्चा सुरू होते: वर्षाचा भरून टाकायचा, की लागेल तसा पावशेर-अर्धा किलो आणायचा? बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात गेलं की पर्यायही दोन. एक बारीक पाकळ्यांचा गावरान, पातीसकट जुड्या बांधलेला. दुसरा मोठ्या पाकळ्यांचा, पात कापलेला, सुटा.

सोलण्याच्या कटकटीत मोठा लसूण सरळ जिंकतो. चितेगाव फाट्यावरच्या एनएचआरडीएफ या कांदा-लसणावर संशोधन करणाऱ्या संस्थेचेच दोन वाण बघा: डोंगराळ थंड भागासाठी काढलेल्या ‘अ‍ॅग्रीफाउंड पार्वती’च्या गड्ड्यात 10 ते 16 पाकळ्या, मैदानी ‘यमुना सफेद’च्या गड्ड्यात 25 ते 30. सकाळी डब्याच्या घाईत हा फरक नखांना कळतो. पण बाजरीच्या भाकरीबरोबरची चटणी कुटायची असेल, तर मी गावरानच घेईन. त्याचा झणका मोठ्याला येत नाही.

आणि साठवायचा असेल तर जुडीच. लसूण काढल्यावर पात लगेच न छाटता सावलीत सुकू दिली की गड्ड्याची मान आवळून बंद होते, आत ओल आणि बुरशी शिरायला वाट उरत नाही. सुट्या मालात हे सुकवणं नीट झालंय की नाही, ते आपल्यालाच तपासावं लागतं. अंगठ्याने मान दाबून बघा: कडक आणि बारीक हवी, दबली की समजा आत अजून ओल आहे. मग गड्डा उलटा करून बूडही तसंच दाबून बघा. आणि वरचं एक साल थोडं सोडवा. आत काजळीसारखी काळी पूड दिसली तर ती बुरशी. भाव कितीही उतरवला तरी तो ढीग सोडा. हातात घेतल्यावर गड्डा आकाराच्या मानाने हलका वाटला तर आतल्या पाकळ्या पोचट निघतात.

घरी आणल्यावर जुडी हवेशीर जागी टांगायची, ऊन लागू द्यायचं नाही. सुट्या गड्ड्यांना जाळीची पिशवी किंवा बांबूची टोपली चालते, प्लास्टिकची पिशवी अजिबात नाही. नाशिकचा कोरडा उन्हाळा लसणाला मानवतो. परीक्षा असते ती आषाढ-श्रावणात. तेव्हा आठवड्याला एकदा जुडी हलवून मऊ पडलेला गड्डा काढून टाका. कपडे वाळत घातलेल्या बंद गॅलरीत तर टांगूच नका.

अख्खे गड्डे फ्रिजमध्ये ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे. शीतगृहात लसूण महिनोन्‌महिने टिकतो, कारण तिथलं तापमान शून्याच्या आसपास धरलेलं असतं. घरच्या फ्रिजचं तापमान त्याहून थोडं जास्त, ते उलट कोंब फुटायला पोषक. कोंब आलेला लसूण खायला चालतो, फक्त मधला हिरवा दांडा कडवट लागतो, तो काढायचा. सोललेल्या पाकळ्यांची जागा मात्र फ्रिजच, कोरड्या डब्यात, आठवडाभरात संपतील एवढ्याच.

एका बाबतीत मी हट्टाने सांगते: कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. त्याचा वास येत नाही, रंग बदलत नाही. त्यापेक्षा लसूण वाटून छोट्या वड्या फ्रीझरमध्ये गोठवा. चव थोडी उतरते, पण रोजच्या फोडणीला पुरते. वाटणात लिंबू पडल्यावर ते हिरवट-निळसर झालं तर टाकू नका, लसणातल्याच द्रव्यांचा तो रंग असतो.

दोन-तीन माणसांचं घर, जागा कमी, हवा खेळत नाही? मग मोठ्या पाकळीचा सुटा, पंधरवड्यापुरता. भरलं घर, टांगायला पडवी किंवा माळा असेल तर चैत्रातच गावरान जुड्या घ्या, आणि मऊ मानेचे गड्डे वेगळे काढून ते आधी वापरा.